गुडघे टेकून विचारलेले प्रश्न

नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेले एक पत्र आहे. त्याच्या पाचव्या अध्यायात पत्रलेखक येशूविषयी सांगतो, की तो देवाचा पुत्र होता तरी त्याने जे दुःख सोसले त्यातून तो आज्ञापालन शिकला. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि अजूनही तिथे थांबतो. देवाच्या पुत्राला आज्ञापालन उपजत येत असणार, असे आपण धरून चालतो. पत्रलेखक तसे धरत नाही. अश्रू ढाळत, मोठ्याने हाका मारत त्याने प्रार्थना केल्या, हेही तो लगेच आधी सांगून ठेवतो. पुत्रालाही जे शिकावे लागले ते आपल्याला एका बाप्तिस्म्यात, एका रविवारच्या उपासनेत येईल, ही आशा मग सोडून द्यावी लागते.

देवाविषयीचा आदर आणि नम्र आज्ञापालन या दोन गोष्टी ख्रिस्ती माणूस कशा शिकत आला, याचा मागोवा घेताना माझ्यासमोर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. ज्यांनी देवापुढे सर्वांत मनापासून मान तुकवली, ती माणसे मुळात गप्प बसणारी नव्हती. ती वाद घालणारी, कारण विचारणारी, प्रसंगी बिशपालाही ठाम नकार देणारी होती. आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत तर ही माणसे ठळकपणे दिसतात. त्यांचा प्रश्न विचारण्याचा स्वभाव आणि त्यांची शरणागती यांत मला विरोध दिसत नाही. एकातूनच दुसरी आली, असे मला वाटते.

आज्ञापालन म्हटले की आजच्या वाचकाच्या कपाळावर आठी पडते आणि ती रास्त आहे. धर्माच्या नावाखाली बायकांना, मुलांना, गरिबांना गप्प बसवण्यासाठी हा गुण फार वापरला गेला. त्याकडे पुढे येईनच. आधी बायबलकडे जाऊ, कारण तिथले चित्र आपल्या समजुतीपेक्षा बरेच वेगळे आहे.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सदोम नगराचा नाश ठरला आहे आणि अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस? दहापर्यंत तो देवाला खाली आणतो. हे करताना आपण केवळ धूळ आणि राख आहोत, असेही तो म्हणतो. धिटाई आणि नम्रता एकाच तोंडी, एकाच श्वासात. मोशेचेही तसेच. जळत्या झुडपापुढे त्याला पायातले जोडे काढायला सांगितले जाते, तो तोंड झाकून घेतो, कारण देवाकडे पाहायची त्याला भीती वाटते. आणि त्याच भीतीत उभा राहून तो मिसरला न जाण्याची पाच कारणे देवाला ऐकवतो: मी कोण, तुझे नाव काय सांगू, ते विश्वास ठेवणार नाहीत, मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. शेवटच्या कारणावर देव रागावतो, पण त्याला टाकून देत नाही. बोलायला सोबतीला भाऊ अहरोन देतो. लहानगा शमुवेल रात्री हाक ऐकतो आणि तीनदा चुकीच्या माणसाकडे, म्हाताऱ्या एलीकडे, धावतो. हाक कुणाची हे ओळखायलाही त्याला शिकवावे लागले. देवदूताचा निरोप आल्यावर नासरेथची मरिया होकार देते, पण त्याआधी हे कसे होईल, असे विचारते. त्या प्रश्नाबद्दल तिला कुणी दोष देत नाही.

तेव्हा बायबलमधले परमेश्वराचे भय म्हणजे थरथर कापत गप्प राहणे नव्हे. नीतिसूत्रांचे पुस्तक त्या भयाला ज्ञानाचा आरंभ मानते. आणि ज्ञानाचा आरंभ जिथे होतो तिथे प्रश्न येणारच. शौल राजाने लुटीतली उत्तम मेंढरे यज्ञासाठी म्हणून राखून ठेवली, तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्याला सुनावले, की देवाला यज्ञापेक्षा आज्ञापालन अधिक प्रिय आहे. मीखा संदेष्ट्याने तर हजारो मेंढे आणि तेलाच्या नद्या बाजूला सारून तीनच गोष्टी मागितल्या: न्यायाने वागणे, दयेची आवड, आणि देवासोबत नम्रतेने चालणे. तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींनंतर येते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अन्याय करणाऱ्याच्या नम्रतेला मीखाच्या लेखी काही किंमत नाही.

गेथशेमाने बागेतली रात्र ही या साऱ्याची परिसीमा. येशू जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करतो. हा प्याला टळावा, अशी मागणी तो आडपडदा न ठेवता करतो, आणि मग पित्याच्या इच्छेला होकार देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार हे तीनदा घडते. होकार एका दमात निघाला नाही. फिलिप्पै येथील मंडळीला लिहिताना पौल ज्या स्तोत्राचा आधार घेतो त्यात हाच प्रवास आहे: देवाचे रूप असलेला स्वतःला रिकामे करतो, दासाचे रूप घेतो, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञाधारक राहतो. ख्रिस्ती नम्रतेचा नमुना म्हणून जे काही पुढे आले ते इथून आले.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात शेकडो माणसे हा नमुना अंगी बाणवायला निघाली. गुरूपाशी राहायचे, तो सांगेल ते करायचे, आपली मर्जी मोडायला शिकायचे. त्यांच्या गोष्टींत एक वाळक्या काठीची गोष्ट आहे आणि ती दोन प्रकारे सांगतात. पहिल्या प्रकारात, गुरू जमिनीत वाळकी काठी रोवतो आणि ठेंगू योहान या शिष्याला तिला फळ येईपर्यंत रोज पाणी घालायला सांगतो. पाणी इतके दूर, की संध्याकाळी निघाले तर परतायला सकाळ व्हायची. तीन वर्षांनी काठीला पालवी फुटते, फळ धरते. गुरू ते फळ मंडळीत नेतो आणि सगळ्यांना आज्ञापालनाचे फळ म्हणून खायला देतो. दुसरा प्रकार योहान कॅसियनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवला आहे. त्यात शिष्य दुसरा योहान आहे, लायकोपोलिसचा. तो वर्षभर पाणी घालतो. गुरू एके दिवशी विचारतो, मूळ धरले का? शिष्य म्हणतो, माहीत नाही. गुरू काठी सहज उपटतो, फेकून देतो आणि उद्यापासून पाणी घालू नकोस म्हणतो. काठीला काहीच फुटले नाही.

पहिली गोष्ट लोकांना जास्त आवडते. मला दुसरी खरी वाटते. आपण ज्या काठ्यांना पाणी घालतो त्यातल्या बहुतेकांना पालवी फुटत नाही. आजारी माणसाची वर्षानुवर्षे केलेली सेवा, भावकीत समेट व्हावा म्हणून केलेल्या प्रार्थना, रविवारच्या शाळेत शिकवलेली आणि पुढे देवळाकडे न फिरकलेली मुले. कॅसियनच्या योहानाला बक्षीस मिळाले नाही. वर्षभर रोज दोनदा पाणी वाहून त्याच्यात जो बदल झाला तेवढाच.

असे असले तरी वाळवंटातल्या या पद्धतीत धोका उघड आहे. गुरू चुकला तर? सहाव्या शतकात मॉन्ते कॅसिनोच्या मठासाठी नियमावली लिहिणाऱ्या बेनेडिक्टला हा धोका दिसला होता. त्याच्या नियमावलीत 73 प्रकरणे आहेत आणि ती ऐकण्याच्या हाकेने सुरू होते. पाचवे प्रकरण आज्ञापालनावर, सातवे नम्रतेच्या बारा पायऱ्यांवर. ही पायऱ्यांची शिडी त्याने याकोबाच्या स्वप्नातून घेतली. पहिली पायरी देवाच्या भयाची आहे. बाराही चढून गेलेला साधू मात्र तेच सारे भयाने न करता प्रेमाने करू लागतो, असे तो सांगतो. हे वाचून पुष्कळजण थांबतात. मला मात्र त्याची दोन छोटी प्रकरणे अधिक मोलाची वाटतात. तिसऱ्यात तो म्हणतो, की मठात महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावे, कारण अधिक चांगले काय ते देव पुष्कळदा धाकट्याला दाखवतो. आणि अडुसष्टाव्यात तो अशक्य वाटणाऱ्या आज्ञेचा विचार करतो. साधूने आधी ती शांतपणे स्वीकारावी. भार खरोखरच झेपत नसेल तर योग्य वेळ पाहून, न कुरकुरता, न ताठता, वरिष्ठाला कारणे सांगावीत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या मठाच्या नियमात ‘नाही जमत’ म्हणायला जागा ठेवली होती. कुरकुरीला मात्र त्याने कुठेच जागा दिली नाही. समोर येऊन सांगणे आणि पाठीमागे धुमसणे यातला फरक बेनेडिक्टला नीट कळला होता.

इग्नेशियस लोयोलाच्या येशूसंघाची कीर्ती तर आज्ञापालनासाठीच. 1553 साली पोर्तुगालच्या बंधूंना लिहिलेल्या पत्रात त्याने आज्ञापालनाच्या तीन पातळ्या मांडल्या: कृतीची, इच्छेची आणि बुद्धीची. संघाच्या घटनेतली प्रेताची उपमा पुढे फार गाजली; वरिष्ठ नेईल तिकडे प्रेतासारखे जावे, ही. त्याच इग्नेशियसने बंधूला प्रार्थना करून आपले वेगळे मत वरिष्ठापुढे मांडायची मोकळीकही दिली होती. ती बाजू कमी गाजली.

या संघाचा एक इंग्रज तरुण, थॉमस स्टीफन्स, 1579 साली गोव्यात उतरला आणि आयुष्याची पुढली चाळीस वर्षे साष्टीत राहिला. 1616 मध्ये राचोलला त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका प्रश्नातून जन्मला, हे ग्रंथात खुद्द स्टीफन्सनेच सांगितले आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे पुराण का देत नाही? नुसती धर्मशिकवण पाठ करून मन भरत नाही, अशी त्याची तक्रार. स्टीफन्सने ती मनावर घेतली. शिकवायला आलेल्याने ऐकून घेतले आणि ऐकणाऱ्यांच्या भाषेत, त्यांच्या छंदात, त्यांच्या पुराणाच्या घाटात ख्रिस्ताची कथा सांगितली. आदराचे हे एक रूप: ज्याला देवाविषयी सांगायचे त्याच्या भाषेपुढे आधी आपण नमायचे.

पण त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशनचे न्यायालयही होते आणि ते मधला थोडा काळ सोडता 1812 पर्यंत चालले. तुळशीवृंदावन, जुने सण, जुनी गाणी यांच्यासाठी माणसांना तिथे उभे केले गेले. धाकाने वाकवलेल्या मानेला भक्ती म्हणणारी ती व्यवस्था होती. ख्रिस्तपुराण आणि इन्क्विझिशन यांची एकाच पारड्यात बेरीज-वजाबाकी करून मोकळे होणे मला मान्य नाही. एकाच संस्थेच्या छपराखाली देवाचे भय आणि माणसाचा धाक किती जवळ नांदू शकतात, हे आपण ख्रिस्ती लोकांनी न विसरता सांगत राहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती समाजाला लाभलेली मोठी माणसे आली ती वादाच्या आखाड्यातून. नीलकंठशास्त्री गोरे काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित. मिशनऱ्याचे खंडन करायचे म्हणून त्यांनी बायबल हाती घेतले आणि 1848 साली बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. शंकांनी त्यांची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. फादर गोरे म्हणून आदर मिळाला, पुस्तके लिहिली, पण विश्वास त्यांना कधी आयता मिळाला नाही. रोज नव्याने मिळवावा लागला. पंडिता रमाबाईंवर या माणसाचा प्रभाव पडला, यात नवल नाही.

रमाबाईंपाशी मी जरा जास्त थांबणार आहे.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबरला वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रयाने त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढली दोन-तीन वर्षे त्यांच्या आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो आज पुस्तकरूपात उपलब्ध आहे. ख्रिस्ती आज्ञापालनावर मराठी माणसाने केलेले इतके थेट चिंतन मला दुसरीकडे दिसले नाही. जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्यांना रमाबाई गर्विष्ठ वाटत. रमाबाई मांसाहार करत नाहीत, तर त्यात जातीचा अभिमान दिसे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंना तिथे संस्कृत हवे होते, कारण आपल्या माणसांना लॅटिन तितकेच परके. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची शक्यता निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी ते बाईला शोभत नाही म्हणून हरकत घेतली. यावर रमाबाई संतापल्या. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नव्हता आणि न पटलेले त्या म्हणायला तयार नव्हत्या. मनोरमेला काय शिकवायचे यावरूनही खटके उडाले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली ती दुसऱ्याच्या जोखडात द्यायला नव्हे, असा त्यांच्या पत्रांचा एकूण सूर आहे. आपल्याला विवेकबुद्धी देवाने दिली आहे आणि तिच्याशी बेइमानी करून देवाची सेवा होणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

जेराल्डीन वाईट बाई नव्हत्या, हेही सांगायला हवे. त्यांनी रमाबाईंवर आणि मनोरमेवर माया केली, पत्रे जपून ठेवली; ती त्यांनीच जमवून ठेवली म्हणून आज आपल्याला वाचता येतात. पण देवाला शरण जाणे आणि चर्चच्या वरिष्ठांना शरण जाणे त्यांना एकच वाटे. रमाबाईंना ते कधीच एक वाटले नाही.

अशी बाई कुणालाच शरण जाणार नाही, असे त्या काळी कुणाला वाटले असेल तर त्याला दोष देता येणार नाही. घडले उलटे. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली असताना आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, खुद्द ख्रिस्त मात्र अजून सापडलेला नाही, ही जाणीव त्यांना झाली. 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे स्पष्ट लिहिले आहे. सिद्धान्तांवरून भांडणारी पंडिता त्या काळात गुडघ्यांवर आली. आणि ज्या क्षणी ती देवापुढे गुडघ्यांवर आली, त्या क्षणापासून माणसांपुढे आणखीच ताठ उभी राहिली. आपल्या खोलीत त्या प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे. सदनातल्या मुली येऊन बसत. पुण्यातल्या सल्लागार मंडळींना हे खटकले. 1893 मध्ये त्यांनी राजीनामे दिले, अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेले. दार बंद केले असते तर सगळे निभावले असते. रमाबाईंनी ते बंद केले नाही.

1896–97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या कोवळ्या वयात आई, वडील आणि बहीण दुष्काळात गेलेली त्यांनी पाहिली होती. तिथून त्यांनी सुमारे 300 मुली आणि बायका आणल्या. पैसा हाताशी नव्हता. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, दूध, विणकाम, छापखाना असे सगळे बायकांच्या हातांनी चाले. देवाची आज्ञा ही गोष्ट रमाबाईंसाठी अशी शेणामातीतली होती: इतक्या तोंडांना आज भाकरी घालायची आहे, इतक्या अंगांवरचा खरजेचा फोड धुवायचा आहे.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणायचे काम हाती घेतले. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुली त्यांच्या दुष्काळातून आणलेल्याच. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती लेक गेल्यावरही त्या काम करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्यांचा देह पडला आणि ते बायबल 1924 साली केडगावलाच छापून पुरे झाले. ज्या बाईने बिशपांच्या आज्ञा तपासून घेतल्या, तिने देवाच्या ग्रंथाचा एकेक शब्द असा वर्षानुवर्षे पुढ्यात ठेवून निवडला.

टिळक दांपत्याची कथा ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला घरच्यासारखी आहे, म्हणून थोडक्यात. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. काही वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आले तेव्हाही लक्ष्मीबाई सोवळ्यातच होत्या आणि टिळकांनी त्यांच्यासाठी वेगळी सोय होऊ दिली. स्वभावाने ते तापट. घरात वादळे पुष्कळ झाली. पण नवरा ख्रिस्ती झाला म्हणून तूही हो, अशी आज्ञा त्यांनी केली नाही. लक्ष्मीबाईंचा सोवळेपणा त्यांच्या स्वतःच्या विचाराने गळून पडला, जात देवाने केलेली नाही हे त्यांचे त्यांनाच उमगले तेव्हा; 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणत्याही प्रवचनापेक्षा हा प्रसंग मला जास्त शिकवतो. टिळकांनी वाट पाहिली आणि ती वाट पाहणे हाच देवाविषयीचा आदर होता. दुसऱ्याच्या अंतःकरणात देव जे करतो आहे त्यात हात न घालण्याचा.

तुकारामांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, असे टिळक मोकळेपणाने सांगत. संतांच्या अंगणात शिकलेले लीनत्व त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. परदेशी मिशनच्या आश्रयाखाली राहून आपल्या माणसांपुढे देवाचे काम करता येत नाही, हे त्यांना पटले तेव्हा त्यांनी पगार सोडला. ‘ख्रिस्तायन’ अपुरे टाकून ते 1919 मध्ये गेले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. फारसे शाळेत न गेलेल्या या बाईने नवऱ्याचे महाकाव्य हाती घ्यावे, यामागे केवढा धीर असेल!

आता आज्ञापालनाच्या काळ्या बाजूकडे. ऑस्ट्रियातल्या सेंट राडेगुंड गावचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला. घरी बायको फ्रान्झिस्का आणि लहान मुली. तो लिंत्सच्या बिशपांकडे सल्ला मागायला गेला. त्यांनी त्याला कुटुंबाकडे लक्ष देऊन सरकारची आज्ञा पाळायचा सल्ला दिला. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातला अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा आदेश त्या काळी जर्मनीभर असाच वापरला गेला. हा शेतकरी मात्र प्रेषितांच्या कृत्यांतला पेत्र विसरला नव्हता. यहुदी न्यायसभेपुढे पेत्राने माणसांपेक्षा देवाचे ऐकणे भाग आहे असे सांगितले होते. 9 ऑगस्ट 1943 ला येगरश्टेटरचा शिरच्छेद झाला. 2007 मध्ये चर्चने त्याला धन्यवादित घोषित केले, तेव्हा वृद्ध फ्रान्झिस्का तिथे हजर होती. बिशपाने ज्या आज्ञाभंगापासून त्याला परावृत्त करू पाहिले होते, त्यालाच चर्चने आज्ञापालनाचा नमुना म्हणून वेदीवर ठेवले.

घराच्या चार भिंतींतही हेच होते. बायकांनी नवऱ्यांच्या अधीन असावे, हे इफिसकरांस पत्रातले वचन लग्नांत आवर्जून वाचतात. त्याच्या आधीचे वचन, एकमेकांच्या अधीन असा असे सर्वांनाच सांगणारे, पुष्कळदा वगळले जाते. आणि गेल्या काही दशकांत जगभर उघडकीस आलेली बालकांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे पाहिली, की ‘फादर सांगतील ते ऐकायचे’ या शिकवणीने किती मुलांचा आवाज घोटला ते दिसते. अशा प्रकरणांवरचे पोपचे गुप्ततेचे बंधन पोप फ्रान्सिस यांनी 17 डिसेंबर 2019 ला उठवले. उशीर फार झाला. मुलाला देवाचा आदर शिकवायचा असेल तर त्याला ‘नाही’ म्हणायलाही त्याच वर्गात शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

एवढे सगळे बोलूनही एक गोष्ट उरते. आदर वाद घालून शिकता येत नाही. तो अंगाला शिकवावा लागतो. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या एखाद्या छोट्या देवळात रविवारी सकाळी जाऊन बसा. चपला दाराशी काढलेल्या असतात. बायका डोक्यावर पदर घेऊन सतरंजीवर एका बाजूला बसतात. पेटी, तबला, झांजा सुरू होतात आणि टिळकांची पदे म्हटली जातात. प्रार्थनेला डोळे मिटून, काही जण कपाळ जमिनीला टेकवून बसतात. लहान मूल डोळे किलकिले करून आजीकडे पाहते, मग आजीसारखेच कपाळ टेकवते. त्याला देवाविषयी अजून काही ठाऊक नाही. देव मोठा आहे एवढे त्याच्या कपाळाला कळलेले असते.

गोव्यात संध्याकाळची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की घरातली धाकटी माणसे थोरल्यांकडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, घेतात. वसईत आंजेलस प्रार्थनेची घंटा वाजली की हातातले काम थांबवून उभे राहणारी म्हातारी माणसे अजून दिसतात. पवित्र गुरुवारी तिथल्या चर्चमध्ये वेदीपुढे बाकावर गावातली बारा माणसे बसलेली असतात. एखादा शेतकरी, एखादा रिक्षावाला, एखादी नर्स. धर्मगुरू अंगावरचा बाहेरचा झगा उतरवून कमरेला पंचा बांधतात, गुडघे टेकतात, तांब्याने पाणी ओततात. शेतकऱ्याच्या टाचांना भेगा असतात, त्या भेगांत माती अडकलेली असते. धर्मगुरू ती अंगठ्याने काढतात, पुसतात, पावलाचे चुंबन घेतात. पाय धुवून घेणारा अवघडलेला असतो. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्रही असाच अवघडला होता आणि आधी नको म्हणाला होता. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये निवडून आल्यावर पंधरवड्यातच रोमच्या बालसुधारगृहात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. 2016 मध्ये त्यांनी या विधीत स्त्रियांना रीतसर स्थान दिले.

वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 25 जुलै 2024 ला निधन झाले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेते आणि विहिरी जमीनमाफियांच्या घशात जाऊ लागल्या, तेव्हा हे धर्मगुरू हरित वसईच्या चळवळीत लोकांसोबत उतरले. धर्मगुरूने देवळात राहावे, असे सांगणारे पुष्कळ होते. संमेलनाध्यक्ष झाल्यावरही त्यांना धमक्या आल्या. पानमळे आणि केळीच्या बागा ही देवाची निर्मिती आहे, तिचा आदर राखणे हे उपासनेचेच काम आहे, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेपायी ते जन्मभर पुढाऱ्यांच्या आणि गुंडांच्या समोर उभे राहिले.

कॅथलिक चर्चच्या 2021 ते 2024 च्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, ऐकणे हाच विषय घेतला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये रोमला कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी आणि सामान्य स्त्री-पुरुष गोल टेबलांभोवती शेजारी शेजारी बसले. स्त्रियांनी अशा सिनडमध्ये पहिल्यांदाच मत दिले. बोलणाऱ्यांच्या फेऱ्यांमध्ये शांतता पाळली जाई, जेणेकरून आधीच्याचे म्हणणे मनात उतरावे. बेनेडिक्टच्या तिसऱ्या प्रकरणाला दीड हजार वर्षांनी रोममध्ये जागा मिळाली, असे मला ते वाचताना वाटले. आपल्याकडच्या धर्मग्रामांच्या आणि मंडळ्यांच्या वार्षिक सभांत मात्र अजून फादर किंवा पाळक आधी बोलतात, मग ट्रस्टी, मग वडीलधारी, आणि तरुण मुली शेवटच्या रांगेत बसून चहाची वाट पाहतात. येत्या वर्षी निदान एका सभेत हा क्रम उलटा करून पाहावा. प्रार्थना करावी, पाच मिनिटे सगळ्यांनी गप्प बसावे, आणि मग पहिल्यांदा शेवटच्या रांगेतल्या मुलीला बोलू द्यावे; फादरांनी सर्वांत शेवटी बोलावे, आणि तिने काय सांगितले ते कागदावर लिहून घ्यावे.